बाटलीवर देवीचं नाव नको, परवान्यावर ग्रामसभेचं हवं

प्रति,
मा. आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, आदिवासी विकास विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात असलेल्या आमच्या गावाला मोहाच्या दारूची एक छोटी भट्टी सुरू करायची आहे. उघडपणे, परवाना घेऊन, हिशेब ठेवून आणि कर भरून. बायांच्या बचत गटात हा विषय निघाला, ग्रामसभेत त्यावरून भांडणं झाली, अजूनही होतात. तरी एका गोष्टीवर आता बहुतेकांचं जमलं आहे: भट्टी लागली तर ती गावाची लागेल, कुणा एकाची नाही. घोडं अडतं ते त्यापुढे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे दारू गाळायचा परवाना मागायचा तर आधी कारखानदार व्हावं लागतं, आणि परवान्याशिवाय मडकं चुलीवर चढवलं तर कलम ६५ खाली गुन्हा. या दोहोंच्या मधे गाव म्हणून उभं राहायला जागाच नाही. ती जागा करून द्या, एवढं मागायला हे पत्र आहे. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण मोहाच्या दारूबद्दल आजवर लिहिलं गेलं ते बहुतेक पंचनाम्यातच.

होळी झाली की सातपुड्यात मोह गळायला लागतो. रात्रभर टपटप चालू असते आणि पहाटे झाडाखाली पिवळट पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. उन्हं वर यायच्या आत तो वेचावा लागतो. उशीर केला की गुरं, शेळ्या, रानातली जनावरं आपला वाटा उचलतात. वेचायला बाया आणि पोरं. कंबर वाकलेली, टोपली पुढे सरकवत जायची, बोटं रसाने चिकट होतात आणि त्या गोड उग्र वासाने डोकं जड होतं. घरी आणून अंगणात पसरली की चार-सहा दिवसांत फुलं मनुकांसारखी तपकिरी आणि सुरकुतलेली होतात. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखर असते. म्हणून तर आमच्या आज्या ती उकडून, भाजून, पिठात मिसळून खात आल्या. पावसाळ्यात कणगी तळाला गेली की मोहच घर चालवायचा. पुढे झाडाला फळं धरतात, बियांचं तेल निघतं. आमच्याकडे वाटणीत शेताबरोबर मोहाची झाडंही वाटली जातात, कोणतं झाड कुणाचं हे लहान पोरालाही माहीत असतं.

आणि एवढ्या साखरेचं आम्हाला मिळतं काय? मार्च-एप्रिलात हातात पैसा नसतो. वाळलं न वाळलं तसं फूल आठवड्याच्या बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर जातं, तो म्हणेल त्या भावाने. पावसाळ्यात लग्नकार्याला, पूजेला मोह लागतो तेव्हा तेच फूल त्याच दुकानातून चढ्या भावाने विकत आणायचं. २०२१ मध्ये सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे, नेण्या-आणण्यावरचे निर्बंध सैल केले, त्याचं आम्ही मनापासून स्वागत केलं. पण फूल मोकळं झालं आणि त्याची किंमत जिथे खरी वाढते ती भट्टी मात्र बंदच राहिली. कच्चा माल विकायचा तेवढा आम्ही, असं का?

आता देवीबद्दल लिहिते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

याहा मोगी ही आमची आई. तिचं ठाणं देवमोगऱ्याला, सीमेपलीकडे गुजरातच्या सागबारा तालुक्यात. दुष्काळात माणसं अन्नाला महाग झाली तेव्हा तिने सगळ्यांना धान्य पुरवलं, ही कथा सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना रात्र-रात्र गायली जाते. महाशिवरात्रीला यात्रा भरते. नंदुरबारमधून, गुजरातमधून, मध्य प्रदेशातून लोक नव्या कोऱ्या बांबूच्या टोपल्या डोक्यावर घेऊन येतात. टोपलीत नवं धान्य, नारळ आणि मोहाची पहिल्या धारेची दारू. गुजरातमध्ये राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, तरी देवमोगऱ्याला ही धार चालते, कारण ती नैवेद्य आहे हे तिथल्या सरकारलाही ठाऊक आहे. आमच्या घरीही तसंच. इंदलाची पूजा असो, वाघदेवाची पूजा असो, लग्न असो की मयत, पळसाच्या पानाच्या द्रोणातून आधी जमिनीवर धार सोडायची, देवांची आणि पूर्वजांची नावं घ्यायची, मग माणसांनी ओठाला लावायची. दोन घरांचं भांडण पंचांनी मिटवलं की दोघांनी एकाच दारूतून प्यायची, तेव्हा ते मिटलं असं धरतात.

गटात पहिल्यांदा भट्टीचं बोलणं निघालं तेव्हा शहरात नोकरीला असलेल्या आमच्याच काही पोरांनी बाटलीचं चित्र काढून पाठवलं. देवीचं नाव, डोंगर, ढोल, डोक्यावर टोपली घेतलेली बाई. चित्र सुंदर होतं. पुण्या-मुंबईत अशी बाटली चांगल्या पैशाने जाईल हेही पटलं. पण म्हाताऱ्या बायांनी साफ नाही म्हटलं आणि मला वाटतं त्यांचंच बरोबर होतं. देवीचं नाव बाटलीवर छापलं की ती बाटली कुठल्याही टेबलावर जाईल, कुणाच्याही पायाशी रिकामी पडेल. आणि देवीच्या कथेत जे खरं जपण्यासारखं आहे ते छापता येतच नाही. आधी जमिनीला द्यायचं, एकट्याने प्यायची नाही, कारणाशिवाय काढायची नाही, मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. हे नियम आहेत. आमची मागणी अशी की कथा लेबलावर जाऊ नये, ती परवान्याच्या अटींमध्ये जावी. आमच्या भट्टीला लोककथेची प्रेरणा आहे असं कुणी म्हणणार असेल तर त्याने आमचा हिशेबाचा कागद वाचून तसं म्हणावं.

त्या कागदावर आम्हाला काय हवं आहे ते सांगते.

भट्टीला लागणारं फूल फक्त गावाला सामूहिक वनहक्कात मिळालेल्या जंगलातलं आणि आमच्या मालकीच्या झाडांचं. बाहेरून गाड्या भरून फूल आणायचं नाही, म्हणजे भट्टी किती चालणार हे त्या वर्षीचा मोह ठरवेल. फुलं घरोघरी खाण्यापुरती राहिली की मगच भट्टीला. वेचणाऱ्या बाईला काट्यावरच रोख पैसे आणि भाव ग्रामसभेने हंगामाआधी ठरवलेला. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची सवय सोडायची, कारण त्याच आगी पुढे डोंगरभर पसरतात. खाली जाळी अंथरून फूल झेलायचं. गावात उधारीवर दारू द्यायची नाही आणि धान्याच्या, फुलांच्या, कोंबडीच्या बदल्यात तर मुळीच नाही. ही अट बायांनी घातली आहे. घरातली ज्वारी फडक्यात बांधून गुत्त्यावर जाते ती कशी, हे त्यांनी पाहिलं आहे. दरवर्षी किती फूल आलं, किती लिटर निघाली, कुठे गेली, पैसा कुठे लागला याचं वाचन उघड ग्रामसभेत होईल. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं: महिला सभेने बहुमताने सांगितलं तर भट्टी त्या दिवशी बंद. कारण विचारायचं नाही, मुदत मागायची नाही.

हे शेवटचं काही नवं नाही. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी बाटली केली तर दुकान बंद करायची तरतूद तुमच्याच विभागाकडे आहे. आम्ही म्हणतो, तोच अधिकार परवान्याच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे बायांना नंतर मोर्चे काढत बसावं लागणार नाही.

मला कल्पना आहे, हे वाचून कुणी तरी म्हणेल की बायाच दारूची भट्टी मागतात म्हणजे काय? आमच्याही गावात हा प्रश्न आला आणि तो विचारणाऱ्या बाईला नवऱ्याच्या पिण्याने काय भोगावं लागतं ते सगळ्यांना माहीत होतं. तिला उत्तर देणं सोपं नव्हतं आणि सोपं असायलाही नको. आज गावात दारू नाही असं नाही. नवसागर टाकून रातोरात उठवलेली आहे, युरिया टाकलेली आहे, तालुक्याहून मोटारसायकलवर येणारी आहे, फुग्यातली आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती मिथेनॉलने गेली. मोहाच्या फुलाने माणूस असा मरत नाही, फुलात मिसळलेल्या लोभाने मरतो. चोरून धंदा करणारा मोह कुजायला आठवडा थांबू शकत नाही, कारण धाड केव्हा पडेल त्याचा नेम नसतो. म्हणून तो नवसागर टाकतो. उघडपणे करायला मिळालं तर थांबता येतं, तपासून घेता येतं, बिघडलेला घाणा फेकून देता येतो. गाव पिऊ लागावं म्हणून आम्ही भट्टी मागत नाही. घरी मोजकी निघेल आणि बाकी बाहेर विकली जाईल, असा आमचा हिशेब आहे. हिशेब चुकला तर बंद करायची किल्ली बायांच्या हातात असावी, म्हणून वरची अट.

आमच्याच डोंगरात याच्या उलटा इतिहासही आहे आणि तो लपवून मला काही मागायचं नाही. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातपासून डांग, खानदेशापर्यंत एक नवीच देवी आली होती. अंगात येणाऱ्यांच्या तोंडून ती सांगायची: दारू सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या ठेकेदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी सोडली आणि ठेकेदारांची दुकानं ओस पडली. पुढे १९३० च्या दशकात तळोद्याकडे संत गुलाम महाराजांनी लोकांना जमवलं, दारू सोडायला सांगितलं, एकमेकांना 'आप की जय' म्हणून मान द्यायला शिकवलं. त्यांच्या पंथातली घरं आजही दारूला शिवत नाहीत. आमच्या गावातही आहेत. त्यांच्या वस्तीच्या बाजूला भट्टी लागणार नाही आणि त्यांचा ग्रामसभेतला आवाज आमच्याइतकाच राहील.

पण देवीने तेव्हा बंदी कशावर आणली ते नीट पाहा. त्याआधी काय झालं होतं? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडल्या. दारू गाळायचं काम मोठ्या भट्ट्यांकडे आणि विकायचं ठेकेदारांकडे गेलं. १८९२ मध्ये मोहाच्या फुलावरच कायदा आला आणि ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत फूल गोळा करून घरात साठवणंही गुन्हा झालं. ज्या माणसाच्या अंगणात झाड, त्यालाच दुकानात जाऊन दारू विकत घ्यावी लागली, उधारीत जमीन घालवावी लागली. देवीने लोकांना सोडवलं ते या दुकानातून. आज आमच्या हातून भट्टी काढून ती एखाद्या कंपनीला दिली, तर आम्ही पुन्हा तिथेच जाऊ, फक्त बाटली जास्त देखणी असेल. मोहाची दारू आता मोठ्या शहरांत कौतुकाने घेतली जाते आहे. धंदेवाल्यांची नजर तिच्यावर गेली आहे. त्यामुळे उशीर परवडणारा नाही.

शेजाऱ्यांकडे बघा. नर्मदा ओलांडली की आमच्या समोर मध्य प्रदेशचा अलीराजपूर जिल्हा. तिथे २०२२ नंतर सरकारने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली, ती बनवायचं काम आदिवासी बचत गटांना दिलं आणि अलीराजपूरची 'मोंड' बाटलीत भरून विकायला आली. घरच्या वापरापुरती दारू काढायची मुभा तर मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना आधीपासूनच आहे. नदीच्या त्या काठाला जे वारसा म्हणून गौरवलं जातं त्यासाठी या काठाला मडकी फोडली जातात. आमची सोयरीक दोन्ही काठांवर आहे, साहेब. हे पोरांना समजावून सांगताना आम्हालाच सांगता येत नाही. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. तिथल्या डोंगरातल्या लहान भट्ट्या हंगामात चालतात आणि हंगाम संपला की बंद होतात. जंगलाच्या फळा-फुलावर चालणारी भट्टी कायद्यात कशी बसवायची याचा अनुभव आपल्या शेजारीच आहे.

आणि आपल्या राज्याला हे जमत नाही असंही नाही. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि नाशिकची द्राक्षं कुठल्या कुठे पोहोचली. नाशिकच्या शेतकऱ्याबद्दल आम्हाला आनंदच आहे. द्राक्षाला जे मिळालं ते कोणतंही खत, पाणी, फवारा न लागता दर वर्षी गळणाऱ्या फुलाला का मिळू नये, एवढंच विचारते.

कायद्याचा आधारही आम्ही शोधून ठेवला आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याने, मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालायचा, त्याचं नियमन करायचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची, म्हणजे मोहफूल, बांबू अशा जंगलातल्या मालाची, मालकी दिली. आजवर ग्रामसभेचा हा अधिकार फक्त 'बंद करा' म्हणण्यापुरता वापरला गेला. नियमन करणं म्हणजे काय आणि कसं चालू द्यायचं हे ठरवणंही त्यातच येतं. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक पासवर विकून दाखवला. त्याआधी बांबूबद्दलही हेच बोललं जायचं की गावाला हिशेब जमणार नाही, जंगल संपेल. जंगल तिथेच आहे. (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी लढून मिळवली. तिथे असं काही आणा असं मी सुचवत नाही. तिथल्या गावांनी तिथलं ठरवावं, आम्ही आमचं.)

भट्टीच्या तांत्रिक बाजूबद्दल तुमच्या अधिकाऱ्यांना शंका असणार. जुनी पद्धत अशी: फूल मडक्यात पाण्यात भिजत घालायचं, उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत ते फसफसून शांत होतं, मग मडकं चुलीवर, त्यावर दुसरं मडकं, सांधे मातीने लिंपलेले, बांबूच्या नळीतून वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. यातलं ज्ञान आमच्या म्हाताऱ्यांकडे आहे. आंबवण वासावरून कळतं, आच किती ठेवायची ते थेंबांच्या वेगावरून. पण विकायच्या दारूला एवढं पुरणार नाही हे आम्हाला मान्य आहे. तांब्याचं किंवा स्टीलचं पात्र, तापमापक, मद्यार्काचं प्रमाण मोजायचं साधन, सुरुवातीचा तीव्र भाग वेगळा काढून टाकायची शिस्त, प्रत्येक घाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत मिथेनॉलसाठी तपासायचा आणि निकाल येईपर्यंत बाटली हलवायची नाही. एक अडचण मात्र तुम्हीच सोडवू शकता. मोठ्या डिस्टिलरीत जसा कायमचा निरीक्षक बसतो तसा खर्च आमच्यासारख्या वर्षातून काही महिने चालणाऱ्या भट्टीला झेपणार नाही. फिरती तपासणी ठेवा, न सांगता या, कुलूप-सील लावून जा, आमची हरकत नाही. परवाना शुल्क लिटरवर घ्या. जमीन बिगरशेती करायची अट ग्रामसभेच्या सामाईक जागेला लावू नका, कारण आमच्या डोंगरात तसा कागद करायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

परवाना ग्रामसभेच्या नावाने असावा आणि तो कुणाला विकता, भाड्याने देता किंवा भागीदारीत घालता येऊ नये. यावर आम्ही मागे हटणार नाही. तुमच्याकडून उद्या सगळं मंजूर झालं आणि हे एक वाक्य गाळलं गेलं तर आम्हाला ती भट्टी नको.

सध्या मागणी एवढीच की अक्कलकुवा आणि धडगाव या दोन तालुक्यांत, ज्या ग्रामसभा स्वतःहून ठराव करतील तिथे, प्रयोग म्हणून हे करून बघू द्या. आमच्या ठरावाची प्रत जिल्हा कार्यालयात आम्ही देत आहोत. नियमांचा मसुदा तयार झाला तर तो संकेतस्थळावर टाकून हरकती मागवू नका. आमच्या बऱ्याच गावांत नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. मसुदा घेऊन माणूस पाठवा, मोह गळून संपल्यावर, कारण त्याआधी गावात कुणी सापडणार नाही. आणि तो मराठीबरोबर भिलीत आणि पावरीत मोठ्याने वाचून दाखवायची व्यवस्था करा. भट्टी बंद करायचा अधिकार ज्या बायांना मिळणार आहे त्यांतल्या अनेकींना वाचता येत नाही, आणि पहिले प्रश्न त्याच विचारणार आहेत.

आपली,
अक्कलकुवा तालुक्यातल्या एका ग्रामसभेची सदस्य